फ्रीजचा आइस मेकर बर्फ करत नाही? नागपूरच्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च सरत आला, कूलरला नवी खस लागली, की आइस मेकरच्या तक्रारी सुरू होतात. बर्फ पडत नाही, पडला तर शेंगदाण्याएवढा, नाहीतर सगळा एकच गोळा. यातल्या बऱ्याच तक्रारींमध्ये यंत्र ठणठणीत असतं. घोटाळा असतो तो गच्चीवरच्या टाकीच्या उंचीत, बोअरच्या क्षारांत किंवा फ्रीजमागच्या गरम हवेत. म्हणून मेकॅनिकला फोन करण्याआधी खालचे प्रश्न वाचून घ्या.

माझ्या फ्रीजमध्ये कोणत्या प्रकारचा आइस मेकर आहे, हे कसं ओळखायचं?

फ्रीजच्या मागून पाण्याची पाव इंची नळी आत जात असेल तर तो नळजोडणीचा, पूर्ण स्वयंचलित आइस मेकर. मोठ्या साइड-बाय-साइड आणि फ्रेंच डोअर फ्रीजमध्ये हा असतो. नळी नाही, पण खालच्या कप्प्यात पाणी भरून ठेवायची छोटी टाकी आहे आणि बर्फ आपोआप पडतो, तर तो टाकीवाला. तिसरा प्रकार आपल्याकडच्या डबल डोअर फ्रीजमध्ये सर्रास दिसतो: ट्रेमध्ये पाणी आपण भरायचं, गोठलं की मूठ फिरवायची आणि तुकडे खालच्या डब्यात पाडायचे. यात मोटर, सेन्सर, व्हॉल्व्ह काहीच नसतं. तुमचा फ्रीज तसा असेल तर ट्रेच्या प्रश्नावर थेट उडी मारा, मधलं तुमच्या कामाचं नाही.

नवा फ्रीज लावून एक दिवस झाला, बर्फाचा पत्ता नाही. फ्रीज खराब निघाला का?

इतक्यात तसं म्हणू नका. फ्रीझर उणे १८ अंशांपर्यंत उतरायला आणि पहिला बर्फ पडायला २४ तास सहज लागतात, उन्हाळ्यात जास्तही. मात्र तीन गोष्टी लगेच पाहा. पॅनेलवर ‘आइस ऑफ’चा दिवा लागलेला नाही ना? भिंतीतला छोटा कॉक पूर्ण उघडा आहे ना? आणि आतले दिवे लागतात पण गारवाच नाही, असं तर नाही ना? दुकानात मांडलेला फ्रीज कधी कधी ‘डेमो मोड’मध्येच घरी येतो. त्यात दिवे आणि पॅनेल चालतात, कॉम्प्रेसर चालत नाही. तो मोड कसा काढायचा ते मॉडेलच्या पुस्तिकेत असतं.

पहिले दोन-तीन घाणे टाकून द्यायचे. त्यात नव्या नळीचा वास आणि फिल्टरमधल्या कोळशाची काळी भुकटी येते.

चालू आइस मेकर अचानक बंद पडला. तपासणीचा क्रम काय ठेवावा?

आधी तो काम कसा करतो ते पाहा, म्हणजे क्रम आपोआप सुचेल. साच्यातलं पाणी गोठून साधारण उणे ९-१० अंशांखाली गेलं की सेन्सर इशारा देतो. मोटर ट्रे पिळून तुकडे पाडते; धातूचा साचा असेल तर खालचा हीटर तो क्षणभर गरम करतो आणि पाती तुकडे बाहेर ढकलतात. मग मागचा इनलेट व्हॉल्व्ह ठरावीक सेकंद उघडतो आणि पुढच्या घाण्याचं पाणी भरतं. डबा भरला की तारेचा दांडा किंवा प्रकाशाचा सेन्सर हे चक्र थांबवतो.

म्हणून आधी दांडा पाहा. वर अडकलेला असेल, किंवा एखादा तुकडा त्याच्याखाली आडवा बसला असेल, तर यंत्राला डबा भरलाय असंच वाटतं. प्रकाशाच्या सेन्सरवर दव गोठलं तरी हेच होतं. कोरड्या मऊ कापडाने पुसा. पिशवीतले मटार आइस मेकरला टेकवून ठेवायची सवय असेल तर ती सोडा.

दुसरं, तापमान. फ्रीझरचा थर्मामीटर गोठलेल्या दोन पाकिटांच्या मध्ये रात्रभर ठेवून सकाळी वाचा. दार उघडून हवेत धरलेलं माप खोटं येतं. उणे १८ च्या आसपास असेल तर छान. उणे १२ च्या वर असेल तर बर्फाचा वेग फार मंदावतो आणि साचा ठरलेल्या तापमानाला पोचलाच नाही तर तो थांबतोच. मग दोष आइस मेकरचा नाही, फ्रीजच्या गारव्याचा आहे.

तिसरं, साचा. तो कोरडा आहे की त्यात बर्फ तसाच अडकून बसलाय? कोरडा असेल तर पाणी येत नाही. बर्फ भरलेला असेल तर मोटर, गिअर, हीटर किंवा सेन्सर यांपैकी काहीतरी गेलंय. इथेच तपासणीचे दोन फाटे होतात, आणि नागपुरात बहुतेक वेळा पहिल्या फाट्यावर जावं लागतं.

शेवटी टेस्ट बटण. बऱ्याच मॉडेलमध्ये आइस मेकरच्या बाजूला किंवा खाली ते असतं आणि सुमारे तीन सेकंद दाबून धरलं की एक पूर्ण चक्र होतं. ट्रे फिरला आणि मागून व्हॉल्व्हचा ‘घुंऽ’ आवाज आला पण पाणी आलं नाही, तर वीज पोचतेय, पाणी अडलंय. बटण लागोपाठ दाबू नका. दर वेळी पाणी भरतं आणि ते ओसंडून खालच्या डब्यात जातं.

टाकी गच्चीवर आहे, नळाला धार जोरात येते. तरी मेकॅनिक म्हणतो प्रेशर कमी आहे. हे कसं?

तो खरं बोलतोय. मोठ्या तोटीतून पाणी भरपूर येणं वेगळं आणि दाब असणं वेगळं. दाब ठरतो तो फक्त टाकीतल्या पाण्याच्या उंचीवर: दर मीटरला सुमारे १.४ पीएसआय (दाब मोजायचं एकक). फ्रीजच्या इनलेट व्हॉल्व्हला साधारण २० ते १२० पीएसआय लागतात. म्हणजे किमान २० पीएसआयसाठी पाण्याची पातळी व्हॉल्व्हच्या १४ मीटर वर हवी, जवळजवळ साडेचार मजले.

आता हिशेब करा. बेसा किंवा मनीषनगरकडचं एकमजली घर, म्हणजे तळमजला आणि वर एक. स्वयंपाकघर खाली असेल तर टाकी सुमारे ७ मीटर वर; दाब १० पीएसआय. स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर असेल तर ४ मीटर. दाब ६ च्या खाली. चार मजली फ्लॅट स्कीममध्ये पहिल्या मजल्यावरच्याला कसेबसे २० मिळतात आणि चौथ्या मजल्यावरचा ६-७ वर असतो. टाकी अर्धी झाली की त्यातूनही थोडा कमी.

कमी दाबाचा खरा त्रास वेगळाच आहे. हे व्हॉल्व्ह बंद होण्यासाठी पाण्याच्याच दाबाची मदत घेतात. दाब पुरेसा नसेल तर आतला रबरी पडदा नीट बसत नाही आणि बंद झाल्यावरही थेंब थेंब पाणी झिरपत राहतं. हे थेंब फ्रीझरच्या तोंडाशी नळीत गोठतात आणि नळी बंद होते. म्हणजे कमी दाबामुळे आधी तुकडे लहान होतात, मग एक दिवस बर्फच बंद. गोठलेली नळी मोकळी करून देणारा मेकॅनिक दर महिन्याला बोलवावा लागत असेल तर मूळ कारण हेच समजा.

मग दाब वाढवायचा कसा? टुल्लू पंप लावू का?

महापालिकेच्या नळावर थेट टुल्लू लावणं बेकायदा आहे. शिवाय नळ बंद असताना तो गळक्या सांध्यांतून हवा आणि घाण ओढतो. विषय संपला.

टाकीनंतर, म्हणजे तुमच्या स्वतःच्या लाइनवर, प्रेशर पंप बसवता येतो. दीड ते दोन बारचा पुरे, म्हणजे २२ ते २९ पीएसआय. यात एक मेख आहे. आइस मेकर एका वेळी जेमतेम १०० मिली पाणी घेतो. एवढ्याशा पाण्याला पंप क्षणभर चालू होतो, बंद होतो, पुन्हा चालू होतो, आणि रात्री दोन वाजता त्याची टकटक ऐकू येते. काही महिन्यांत त्याचा स्विच जातो. पंपासोबत छोटी प्रेशर टाकी असेल तर हा त्रास नाही. एका आइस मेकरसाठी अख्ख्या घराचा पंप घेण्यापेक्षा फक्त फ्रीजच्या नळीवर २४ व्होल्टचा छोटा डिलिव्हरी पंप आणि प्रेशर स्विच लावणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं. आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे हे दोन्ही मिळतात आणि नळीचं मापही तेच असतं.

दाब पुरेसा आहे का, हे घरी गेजशिवाय कळेल?

फ्रीजच्या दारात पाण्याचा डिस्पेन्सर असेल तर सोपं आहे. मोजपात्र धरून १० सेकंद पाणी घ्या. सुमारे १७० मिली आलं तर दाब ठीक. १०० च्या खाली आलं तर फिल्टर काढून त्या जागी पाणी सरळ जाऊ देणारा बायपास प्लग लावा आणि पुन्हा मोजा. आकडा एकदम वाढला तर फिल्टर तुंबलाय. तसाच राहिला तर लाइनचा दाब कमी किंवा व्हॉल्व्हची जाळी भरली आहे.

डिस्पेन्सर नसेल तर कॉक बंद करून फ्रीजमागची नळी काढा, टोक बादलीत सोडा आणि कॉक उघडून धार बघा. ही परीक्षा ढोबळ आहे. धार बारीक आणि लोळागोळा असेल तर मात्र शंका उरत नाही.

क्षार नकोत म्हणून आरओची नळी फ्रीजला जोडली. तेव्हापासून बर्फ पापुद्र्यासारखा पातळ पडतो. का?

कारण आरओ पाणी थेंबाथेंबाने करतो. घरगुती मशीन तासाला १०-१५ लिटर देतं, म्हणजे सेकंदाला ३-४ मिली. आइस मेकरचा व्हॉल्व्ह उघडा राहतो सात-आठ सेकंद आणि त्यात त्याला १०० मिलीच्या आसपास पाणी हवं असतं. मेंब्रेनमधून, म्हणजे आरओच्या गाळणीतून, थेट नळी काढली असेल तर त्या वेळात जेमतेम २५-३० मिली येणार. आणि आरओच्या खालच्या प्लास्टिक टाकीतून नळी काढली असेल तर तिथे दाब नावाला. ओट्यावरून फ्रीजपर्यंत पाणी जातंय हेच खूप.

क्षार कमी हवेत आणि बर्फही पूर्ण हवा, तर आरओची टाकी आणि फ्रीज यांच्यामध्ये वर सांगितलेला डिलिव्हरी पंप लागतोच. तो लावल्यावर फ्रीजमधला कोळशाचा फिल्टर काढून बायपास लावा. आधीच गाळलेल्या पाण्याला तो नुसता अडथळा होतो. पंपाला आरओच्या टाकीतली पातळी कळण्यासाठी फ्लोट स्विचही हवा, नाहीतर टाकी रिकामी झाली की पंप कोरडा चालून जळतो.

तुकडे लहान किंवा आतून पोकळ पडतात.

लहान तुकडे म्हणजे पाणी कमी: दाब, तुंबलेला फिल्टर, भरलेली जाळी किंवा अर्धवट गोठलेली नळी. फ्रीज ढकलताना मागची नळी चिमटली गेली असेल तरी हेच. पोकळ तुकडे, ज्यातून पाणी सांडतं, ते वेळेआधी पाडले गेलेले असतात. पाणी कमी असेल तर साचा लवकर गार होतो, सेन्सर फसतो आणि कवच गोठताच मोटर फिरते. म्हणून पोकळ तुकड्यांतही आधी पाणीच तपासा. पाणी बरोबर भरत असूनही तुकडे पोकळच आले तर सेन्सर साच्याला नीट टेकलेला नसतो किंवा बिघडलेला असतो.

पाणी भरायची नळी आत गोठली आहे. मोकळी कशी करायची?

फ्रीजचा प्लग काढा, पाण्याचा कॉक बंद करा, बर्फाचा डबा बाहेर काढा. आइस मेकरच्या मागे, वरच्या बाजूला पांढरी किंवा रबरी नळी साच्याच्या तोंडाशी येते; तिच्यात बर्फाचा दट्ट्या दिसेल. सुई काढलेल्या सिरिंजने कोमट पाणी थोडं थोडं आत सोडा, खाली जुना टॉवेल ठेवा. हेअर ड्रायर वापरायचा तर सगळ्यात कमी उष्णतेवर, एका जागी न थांबवता, आणि ओल्या हाताने नाही. उकळतं पाणी, स्क्रू ड्रायव्हर, सुरी यांपैकी काहीही नको. आतलं प्लास्टिक एकदा तडकलं की फ्रीझरचं अस्तर जोडता येत नाही.

मोकळी झाली की काम संपलं असं नाही. कॉक उघडा, प्लग लावा आणि काही मिनिटं नळीच्या तोंडाशी टॉर्च धरून बघा. व्हॉल्व्ह चालू नसताना थेंब पडत असेल तर व्हॉल्व्ह गळतोय. दाब चांगला असूनही गळत असेल तर व्हॉल्व्ह बदला. दाब कमी असेल तर आधी दाब सुधारा, नाहीतर नवा व्हॉल्व्हही तसाच गळेल.

इनलेट व्हॉल्व्ह घरी तपासता येतो का?

जाळी साफ करणं येतं, आणि बोअरचं पाणी असलेल्या घरात वर्षातून एकदा तेवढं करावंच. प्लग काढा, कॉक बंद करा, फ्रीजच्या मागे खालचं पुठ्ठ्यासारखं कव्हर उघडा. नळी जिथे व्हॉल्व्हला लागते तिथे आत बारीक जाळी असते. तिच्यावर पिवळट-पांढरा थर असेल तर एक ग्लास कोमट पाण्यात एक चमचा सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराण्यात मिळणारं निंबूफूल, घालून जाळी त्यात अर्धा तास बुडवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. जाळी निघत नसेल तर ओढू नका, जागेवरच ब्रशने साफ करा. जाळीशिवाय व्हॉल्व्ह परत जोडू नका. वाळूचा एक कण पडद्याखाली अडकला की गळती सुरू.

व्हॉल्व्हची कॉइल तपासायची तर प्लग काढलेला असताना, वायर सोडवून, मल्टिमीटरने. मीटर काहीच जोडणी दाखवत नसेल तर कॉइल तुटली. पुशफिट, म्हणजे नुसत्या दाबून बसवायच्या, जोडात नळी परत बसवताना टोक ब्लेडने अगदी सरळ कापलेलं हवं आणि थांबेपर्यंत आत गेलं पाहिजे. तिरप्या कापलेल्या टोकाने रात्रभरात स्वयंपाकघरात तळं होतं.

एप्रिल-मेमध्ये बर्फ निम्म्यावर येतो. टाकीचं गरम पाणी कारण असेल का?

थोडंसं. उन्हात तापलेल्या टाकीतलं पाणी ४२ अंशांचं धरलं आणि एरवीचं २५ अंशांचं, तर एक किलो बर्फ करायला फ्रीजला सुमारे १५ टक्के जास्त उष्णता काढावी लागते, कारण मोठा वाटा गोठवण्यातच जातो. त्याने बर्फ निम्मा होत नाही.

खरं कारण फ्रीजच्या पाठीमागे असतं. फ्रीजच्या हवामान वर्गांमध्ये सगळ्यात वरचा, ‘टी’ म्हणजे उष्ण कटिबंधाचा वर्ग, ४३ अंशांपर्यंतच्या भोवतालासाठी धरलेला आहे. नवतपात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि कूलरची हवा स्वयंपाकघरापर्यंत क्वचितच पोचते. पश्चिमेच्या भिंतीला चिकटून, शेजारी गॅस, वर पितळी भांड्यांची मांडणी, अशा फ्रीजने उष्णता टाकायची कुठे? मागे आणि बाजूला निदान ५ सेंटिमीटर मोकळे ठेवा, वर त्याहून जास्त. मागची गरम नळ्यांची जाळी दिसत असेल तर तिच्यावरची धूळ प्लग काढून कोरड्या ब्रशने झाडा. बर्फाचं मोठं काम असेल तेव्हा ते रात्रीवर सोडा. मुलं दर दहा मिनिटांनी दार उघडत नसतात. ‘पॉवर फ्रीझ’ किंवा तत्सम बटण रात्री लावलं तर बर्फ वाढतो, दुपारी लावून फारसा उपयोग नाही.

नळजोडणीचा आइस मेकर दिवसाला साधारण एक ते दीड किलो बर्फ करतो. घरात पन्ह्याचा आणि मठ्ठ्याचा कार्यक्रम असेल तर दोन दिवस आधीपासून बर्फ पिशवीत साठवा. त्या दिवशी यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही.

बर्फ वितळल्यावर ग्लासच्या तळाशी पांढरे कण राहतात. हे पिण्याजोगं आहे का?

ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार आहेत. पाणी गोठताना क्षारांना बाहेर ढकलतं, ते तुकड्याच्या मध्यभागी साठतात आणि वितळल्यावर कण म्हणून दिसतात. पाणी मुळात पिण्यायोग्य असेल तर कणांनी अपाय होत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत आणि कठीणपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर अनुक्रमे २००० आणि ६०० पर्यंत चालतो. पेंच आणि कन्हानचं शुद्ध केलेलं नळाचं पाणी एकीकडे आणि इमारतीच्या टाकीत त्यात मिसळलेलं बोअरचं पाणी दुसरीकडे. विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर टाकीत नाही, फ्रीजच्या नळीतल्या पाण्यात बुडवा.

फ्रीजमधला कोळशाचा फिल्टर क्लोरीन आणि वास कमी करतो, क्षार नाही. तो बदलून कण जातील ही अपेक्षा ठेवू नका. तुकडे मध्ये दुधाळ दिसणं तर हवेच्या बुडबुड्यांमुळेही होतं. तो दोष नाही.

बर्फाला वास येतो.

बर्फ जुना असेल तर फेकून द्या. उघडा बर्फ फ्रीझरमधला मासळीचा, चिरलेल्या कांद्याचा वास ओढून घेतो. डबा कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुऊन पूर्ण कोरडा करून ठेवा. तरीही नव्या घाण्याला वास असेल तर फिल्टर बदला. त्याचं आयुष्य साधारण सहा महिने. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ होतं तेव्हा तो लवकर भरतो. भिंतीच्या कॉकनंतर ५ मायक्रॉनचा साधा गाळणी फिल्टर लावला तर फ्रीजमधला महागडा फिल्टर जास्त टिकतो.

जुलैपासून डब्यातला बर्फ एकच गोळा होतो.

दमट हवा. दार उघडलं की ओलावा आत येतो, तुकड्यांवर बसतो आणि त्यांना चिकटवतो. गॅसकेट, म्हणजे दाराची रबरी पट्टी, तपासा: दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज सरकली तर त्या जागी हवा आत शिरतेय. गॅसकेट साबणाच्या पाण्याने पुसून, कोपरा वळला असेल तर कोमट कापडाने शेकून सरळ करा. बर्फ वापरात नसेल तर आठवड्यातून एकदा डबा रिकामा करा. गोळा फोडायला डबा बाहेर काढा. आतच ठेवून लाटणं मारलं तर डब्याखालचा फिरता स्क्रू तुटतो.

डब्यात बर्फ भरपूर आहे, पण दारातून येत नाही.

मग आइस मेकरला हात लावू नका, तो आपलं काम करतोय. आधी पॅनेलवरचं चाइल्ड लॉक बघा. मग डबा काढून चिकटलेले तुकडे आणि नळकांड्यातला अडकलेला बर्फ काढा. डबा बसवताना मागची खाच मोटरच्या काट्यात बसली पाहिजे. एका रेषेत नसेल तर मोटर नुसती फिरते. ‘क्रश’ चालतं आणि ‘क्यूब’ नाही, असं असेल तर ब्लेडच्या झडपेची तार अडकलेली असते.

लाइन (वीज) वारंवार जाते. आइस मेकरवर परिणाम होतो का?

होतो. लाइन परत आली की काही मॉडेल ट्रे मूळ जागी आणतात आणि अर्धवट गोठलेलं पाणी डब्यात सांडतं. सकाळी गोळा मिळतो. बराच वेळ लाइन नसेल तर ती आल्यावरही फ्रीझर पुरेसा थंड होईपर्यंत बर्फ पडणार नाही, चार-सहा तास वाट पाहा. वादळी पावसात लाइन येते-जाते तेव्हा प्लग काढून ठेवा. कंट्रोल बोर्ड याच झटक्यांनी जातात. स्टॅबिलायझर हवा की नको ते फ्रीजवरच्या व्होल्टेज मर्यादेवरून ठरवा. तुमच्याकडे रात्री १८० व्होल्ट मिळत असतील आणि फ्रीजची खालची मर्यादा त्याहून वर असेल तर हवाच.

साधा पिळायचा ट्रे आहे. तुकडे सुटत नाहीत, मूठ परत येत नाही.

खोबण्यांत क्षारांचा खरखरीत थर बसला की बर्फ धरून राहतो. ट्रे काढून निंबूफूल घातलेल्या कोमट पाण्यात तासभर बुडवा, मऊ कापडाने पुसा. तारेची घासणी नको, ओरखड्यांत बर्फ आणखी घट्ट बसतो. पाणी खुणेपर्यंतच भरा. वर भरलं की सगळे तुकडे एकमेकांना जोडून एक पाटी होते आणि ती पिळताना ट्रेला तडा जातो. पिळण्याआधी दोन मिनिटं दार उघडं ठेवलं तरी काम सोपं होतं. मूठ परत येत नसेल तर स्प्रिंगच्या जागी बर्फ अडकलाय. ट्रे बाहेर काढून वितळू द्या. स्प्रिंग तुटली असेल तर सुटा ट्रे किंवा पूर्ण जोडणी मॉडेल नंबर सांगून मिळते. हा नंबर फ्रीजच्या आतल्या बाजूच्या स्टिकरवर असतो. दुकानात जाताना फोटो काढून न्या.

आतल्या टाकीचा आइस मेकर ‘घर्र’ आवाज करतो, पाणी चढत नाही.

टाकी रिकामी आहे किंवा मागपर्यंत बसलेली नाही; पंप हवा ओढतोय. टाकी काढून पुन्हा दाबून बसवा. आतली छोटी जाळी धुवा. टाकीत फक्त साधं गार पाणी. सरबत, रूह अफ्जा, नारळपाणी घालून रंगीत बर्फ करायचा मोह होतो, पण साखर पंपात आणि नळीत चिकटते आणि मग बुरशी धरते. टाकी आठवड्यातून एकदा धुवा.

फ्रीजखाली पाणी साचतं.

आधी कॉक बंद करून रात्रभर पाहा. पाणी थांबलं तर नळी किंवा व्हॉल्व्ह. थांबलं नाही तर डीफ्रॉस्टचा निचरा तुंबलाय आणि आइस मेकरशी त्याचा संबंध नाही. नळी जमिनीलगत असेल तर उंदराच्या दातांच्या खुणा बघा. जुन्या घरांत हे नेहमीचं आहे, आणि चिकटपट्टीने ते थांबत नाही. तेवढा तुकडा कापून जोड लावा.

मेकॅनिक म्हणतो पूर्ण असेंब्ली बदला. मान्य करावं?

त्याला तीन गोष्टी विचारा: पाण्याचा दाब मोजला का, फ्रीझरचं तापमान किती होतं, टेस्ट बटणावर मोटर फिरली का. तिन्हीची उत्तरं मिळाली आणि मोटर फिरत नाही, गिअर घसरतो किंवा हीटर तुटलाय असं निघालं, तर असेंब्ली बदलणं बरोबर. हे भाग सुटे मिळणं अवघड असतं. मोटर फिरतेय आणि साचा कोरडा आहे, तर नव्या असेंब्लीचा साचाही कोरडाच राहील. वॉरंटी चालू असेल तर आइस मेकरचं कव्हर स्वतः उघडू नका. जाळी साफ करण्यापलीकडचं काम कंपनीच्या माणसावर सोडा. जुना सुटा भाग मात्र परत मागून घ्या.

उन्हाळ्याच्या सुटीत पंधरा-वीस दिवस बाहेर जायचंय. काय करून जावं?

आइस मेकर बंद करा, भिंतीतला कॉक बंद करा, डबा रिकामा करून पुसून परत लावा. आतल्या टाकीचं मॉडेल असेल तर टाकी रिकामी, धुतलेली, कोरडी. परत आल्यावर कॉक उघडला की नळीचे दोन्ही जोड हाताने चाचपून ओल बघा, डिस्पेन्सरमधून दोन-तीन लिटर पाणी वाहू द्या आणि मग आइस मेकर चालू करा. पहिले दोन घाणे पाहुण्यांना न देता कूलरच्या पाण्यात टाका.